पाच माणसांचे बारा होणार आहेत: कामगार नेमताना मालकावर काय काय येते?

प्रश्न: वेफर्स उत्पादक, फैजपूर परिसर

नमस्कार मंडळी.

यावल तालुक्यात फैजपूरजवळ माझा केळीच्या वेफर्सचा लहान कारखाना आहे. सहा वर्षांपूर्वी एका कढईवर काम सुरू केले. आज माझ्याकडे दोन तळणारे, पाकिटे भरण्याच्या यंत्रावरचा एक मुलगा, टेम्पोचा चालक आणि हिशेब पाहणारा माझा पुतण्या असे पाच जण पगारावर आहेत. कच्ची केळी सोलण्याचे काम आजवर आमच्या घरच्या बायका आणि शेजारपाजारच्या दोघी-तिघी करून देत असत. आता इंदूर आणि नाशिककडच्या व्यापाऱ्यांकडून नियमित मागणी येऊ लागली आहे, त्यामुळे दुसरी कढई बसवावी लागणार आहे. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, सोलण्यासाठी पाच बायका आणि कढईवर व गोदामात मिळून दोन पुरुष कायम नेमण्याचा विचार आहे. म्हणजे माणसे बारा होतील.

आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सालदार होते. आखाजीला साल ठरायचे, उचल दिली जायची, वर्षाचे धान्य आणि कपडे ठरायचे, आणि हे सगळे तोंडी व्हायचे. त्या व्यवहारात कधी फसवाफसवी झाली नाही, असे वडील सांगतात आणि मी ते मानतो. मीही कारखान्यात आजवर तसेच केले. पगार दर महिन्याला हातात रोख देतो, अडीनडीला उचल देतो, दवाखान्याचा खर्च उचलतो. नेमणुकीचा कागद कोणालाच दिलेला नाही.

आता माणसे वाढणार म्हटल्यावर ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. एकाने सांगितले की हजेरीपटावर नऊच नावे दाखवा आणि बाकीच्यांना रोजंदारीचे म्हणा. दुसऱ्याच्या मते वीस माणसे होईपर्यंत काहीच लागू होत नाही. मला हे दोन्ही पटत नाही, पण खरे काय आहे तेही नीट ठाऊक नाही. कामगारांनाही कपातीची भीती वाटते. आमचा जुना तळणारा तर सरळ म्हणाला, "माले कागद नको शेठ, पगार हातमा द्या."

कायद्याने माझ्यावर नेमके काय येते, कोणत्या आकड्याला काय लागू होते आणि सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर: कामगार कायदा सल्लागार, जळगाव

भाऊ, आपण माणसे नेमण्याआधी विचारत आहात, ही फार मोलाची गोष्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक उद्योजक नोटीस हातात पडल्यावर येतात.

प्रथम आकड्यांचा गोंधळ दूर करतो. "वीस होईपर्यंत काहीच नाही" हे म्हणणे भविष्य निर्वाह निधीपुरते, म्हणजे पीएफपुरते खरे आहे. पीएफ वीस माणसांना लागू होतो. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, मात्र दहा माणसांना लागू होतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यायची रक्कम, दहाला, प्रसूती लाभ दहाला आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीही दहाला लागू होते. महाराष्ट्राचा कामगार कल्याण निधी तर पाच माणसांपासूनच लागू आहे, म्हणजे तो आपल्याला आजच लागू आहे. किमान वेतनाला कोणताही आकडा नाही. एकच माणूस कामावर असला तरी ते द्यावेच लागते. आपल्या पुतण्याला पगार मिळतो, म्हणून तोही मोजणीत येतो. आपण स्वतः मालक म्हणून मोजले जात नाही.

दुसरी गोष्ट कायद्याच्या चौकटीची. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले गेले आहेत. यांपैकी आपल्या रोजच्या व्यवहाराशी तीन संहितांचा संबंध येतो: वेतन संहिता, 2019, सामाजिक सुरक्षा संहिता, 2020, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020. विजेवर चालणारे काम असेल तर वीस कामगारांपासून ती जागा "कारखाना" ठरते. त्यामुळे बारा माणसांवर आपल्याला कारखान्याचा परवाना लागत नाही. मात्र महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली, कामगारांच्या संख्येप्रमाणे नोंदणी किंवा नुसती ऑनलाइन सूचना, यांपैकी जे लागू असेल ते करून त्याची पावती दप्तरी ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे ईएसआय. दहावा माणूस कामावर आला त्या दिवसापासून पंधरा दिवसांच्या आत कारखान्याची नोंदणी करायची असते. ज्यांचे वेतन महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी मालकाने वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे असतात. चौदा हजार पगाराच्या माणसामागे आपले 455 रुपये जातील आणि त्याच्या पगारातून 105 रुपये कापले जातील. बारा माणसांचे मिळून आपल्यावर महिन्याला 5,460 रुपये येतील. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत चलान भरायचे.

आपल्या जुन्या तळणाऱ्याला हे 105 रुपये कशाचे, ते शांतपणे बसवून सांगा. त्या पैशांत त्याला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. आजारपणात पुरेसे दिवस भरलेले असतील तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, आणि कामावर अपघात होऊन तात्पुरते अपंगत्व आले तर 90 टक्के मिळते. अपघाताच्या लाभाला किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी भाजला तरी तो हक्कदार असतो. कढईतल्या उकळत्या तेलाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून वेगळे काही समजावण्याची गरज पडू नये.

नऊ नावे दाखवण्याचा सल्ला मनातून काढून टाका. दहाव्या माणसाला काही झाले, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळ त्याला लाभ देते आणि त्या लाभाचे भांडवली मूल्य मालकाकडून वसूल करते. शिवाय एकदा लागू झालेला ईएसआय, माणसे पुन्हा नवावर आली म्हणून सुटत नाही.

आज आपल्याकडे पाचच माणसे आहेत आणि ईएसआय नाही. म्हणून जबाबदारी नाही, असेही समजू नका. ईएसआयबाहेरच्या कामगाराची अपघात-भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. पंचविशीच्या माणसाचा गुणक 216.91 आहे. चौदा हजार पगार धरला तर 7,000 गुणिले 216.91, म्हणजे 15,18,370 रुपये होतात. वर मी सांगितलेली 5,460 रुपयांची मासिक वर्गणी तेवीस वर्षांहून अधिक काळ भरली, तरच एवढी रक्कम होते. म्हणून आखाजीची वाट न पाहता, सध्याच्या पाच जणांसाठी कामगार नुकसानभरपाईचा विमा याच आठवड्यात घ्या.

व्यवसायकराबद्दल थोडक्यात सांगतो. मालक म्हणून स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते. पुरुष कामगाराचे वेतन दहा हजारांच्या वर असेल तर महिना 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापून भरायचे. महिलांना 25,000 रुपयांपर्यंत हा कर माफ आहे, त्यामुळे सोलणाऱ्या भगिनींच्या पगारातून काही कापू नका. कल्याण निधीचे दर सहा महिन्यांना, जून आणि डिसेंबरमध्ये, कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये भरायचे असतात. रक्कम लहान आहे, पण विसरणारेच जास्त आहेत.

आणि नेमणूकपत्र. दहा माणसांपासून प्रत्येक कामगाराला ते लेखी देणे आता बंधनकारक आहे. साध्या मराठीत एक पान पुरे: नाव, कामावर आल्याची तारीख, काम कोणते, कुशल की अर्धकुशल की अकुशल, पगार किती, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी. त्याला वाचून दाखवा, मग सही घ्या आणि एक प्रत त्याच्या हाती द्या.

उत्तर: व्यापारी, भुसावळ

वरील माहिती योग्य असेलच. तरीही माझा अनुभव असा, की लहान उद्योजकाने एवढ्या नोंदण्या, चलाने आणि विवरणपत्रे सांभाळत बसू नये. सगळी माणसे ठेकेदारामार्फत घ्यावीत आणि महिन्याला एकच बिल द्यावे. माणसे त्याची, कायदाही त्याने सांभाळायचा. आपण मालाकडे आणि गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यावे. मी गोदामाच्या कामासाठी कित्येक वर्षे असेच करत आलो आहे.

उत्तर: प्लास्टिक चटई उत्पादक, जळगाव एमआयडीसी

भुसावळच्या भाऊंचा मान राखून सांगतो, की हा सल्ला मी मानला होता आणि त्याची किंमत मोजली आहे. माझ्या बाबतीत काय घडले ते लिहितो, कारण फैजपूरच्या भाऊंवर तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे चटई विणणाऱ्या यंत्रांवर काही माणसे माझी आणि काही ठेकेदाराची होती. नवा मुलगा आला की आमच्या सुपरवायझरची एक ठरलेली पद्धत होती: महिनाभर बघू, टिकला तर नाव चढवू. चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा ठेकेदाराकडून आला. चौथ्या दिवशी, दुसऱ्या पाळीत, अडकलेली पट्टी काढताना त्याने यंत्र बंद न करता हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी गावात होतो, दहा मिनिटांत पोहोचलो. मुलाला रुग्णालयात पाठवून मी कार्यालयात आलो आणि हजेरीपट उघडला. त्यात बाकी सगळी नावे निळ्या शाईने लिहिलेली होती आणि शेवटच्या ओळीतले त्याचे नाव पेन्सिलीने. आडनावही नव्हते. मी किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत बसलो होतो. ज्याची दोन बोटे माझ्या यंत्रात गेली, त्याचे पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते.

ठेकेदाराने त्या रात्रीपासून फोन उचलला नाही. त्याच्याकडे ईएसआयची नोंदणीच नव्हती. तेव्हा मला कळले, की ठेकेदाराची माणसेसुद्धा माझ्याच आवारात, माझेच काम करतात म्हणून माझ्याच मोजणीत येतात आणि त्यांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते. ठेकेदाराकडून ती वसूल करता येते, पण आधी भरावी आपल्यालाच लागते. त्याने पगार बुडवला, तरी तोही अखेर मुख्य मालकालाच द्यावा लागतो. ठेकेदारामुळे माझे कागद कमी झाले होते, जबाबदारी तसूभरही कमी झाली नव्हती.

उपचाराचा सगळा खर्च मी केला, पुढे भरपाईही दिली आणि तो मुलगा आज आमच्याच गोदामात कायम कामाला आहे. पण त्याचा बाप पहिल्या दिवशी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून मला एवढेच विचारत होता, की याचे नाव तुमच्या वहीत आहे का. त्यावर मला चटकन उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे, की विमा क्रमांक निघाल्याशिवाय कोणालाही यंत्राजवळ उभे करायचे नाही. ऑनलाइन नोंदणीला वेळ लागत नाही. आधार, बँकेचे पासबुक, फोटो, वयाचा दाखला आणि वारसदाराचे नाव एवढे समोर असले की झाले. वयाचा दाखला मात्र डोळ्यांनी पाहा. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. आपल्याकडे सातपुड्यातून येणारी मुले वय विचारले की हटकून अठराच सांगतात.

आणखी एक. नव्या कढईभोवती कठडा, पायाखाली न घसरणारी फरशी, तळणाऱ्याला हातमोजे आणि जाड कापडाचा एप्रन, आणि गॅस किंवा डिझेल बंद करण्याची खटकी कढईपासून दूर, हे सगळे पहिल्याच दिवसापासून हवे. यांपैकी कशाचाही खर्च कामगाराच्या पगारातून कापू नका.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी एवढा वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चटईवाल्या भाऊंचा अनुभव वाचून मी लगेच माझा हजेरीपट काढून पाहिला. सोलायला येणाऱ्या शेजारच्या बायकांची नावे त्यात नाहीतच; त्यांचा हिशेब क्रेटवर होतो आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो.

माझ्या आणखी काही शंका आहेत. सोलण्याचे काम क्रेटवरच द्यायचे ठरले, तर त्या बायका कामगार धरल्या जातात का? उचल दिलेली असेल आणि माणूस मधेच गेला, तर काय करायचे? आणि माझे जुने तळणारे सहा वर्षांपासून आहेत, त्यांच्या नेमणूकपत्रावर तारीख कोणती घालायची? ओळखीच्या एकाने आजची तारीख घाला म्हणून सांगितले आहे.

उत्तर: निवृत्त दिवाणजी, डाळमिल, जळगाव

मी एकतीस वर्षे जळगावात डाळमिलच्या गादीवर पगारवाटप केले आहे. माझे वडील खान्देशातल्याच एका कापडगिरणीत होते. त्यामुळे पगाराच्या पाकिटाकडे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

क्रेटवर काम करणाऱ्या भगिनी कामगारच आहेत. दर क्रेटचा असो की दिवसाचा, आठ तासांत बेताच्या वेगाने काम करणाऱ्या बाईच्या पदरात किमान वेतनाहून कमी पडता कामा नये. सरकार किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारीत आणि जुलैत बदलते, म्हणून क्रेटचा दरही वर्षातून दोनदा तपासावा. यात एक गोष्ट नेहमी सुटते. केळीची सालं उचलणे, टब धुणे, चाकूंना धार लावणे यात रोज तास-दीड तास जातो आणि त्याचे क्रेट होत नाहीत. तो वेळ दर ठरवताना धरा. केळीच्या चिकाने हात काळे पडतात आणि त्वचा फाटते. खोबरेल तेल आणि हातमोजे कारखान्याने द्यावेत. त्याच कामाला पुरुष लावला तर जास्त आणि बाईला कमी, असा भेद कायद्याला चालत नाही.

बायकांना घेतले की बाळंतपणाची रजा द्यावी लागेल, या भीतीने कित्येक मालक लग्न झालेल्या मुलींना परत पाठवतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटत आले आहे. ईएसआय लागू असेल तर 26 आठवड्यांचे वेतन महामंडळ देते, मालकाच्या गल्ल्यातून ते जात नाही. म्हणजे वर्गणी भरणाऱ्या मालकाला ही भीती बाळगण्याचे कारणच उरत नाही.

पाच बायका आणि बारा माणसे झाली, की अंतर्गत समिती नेमावी लागेल. अध्यक्ष महिला हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची हवी. ही समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. सोलणाऱ्या बायकांसाठी वेगळे शौचालय आणि दाराला आतून कडी असलेली कपडे बदलण्याची खोली बांधा. समितीच्या कागदाइतकीच ती महत्त्वाची आहे.

आता उचल. आपल्या वडिलांच्या काळच्या सालदारीबद्दल आपण लिहिले ते मला पटते. आमच्या गावीही चांगले मालक होते आणि त्यांचा शब्द कागदाहून पक्का होता. पण त्याच गावात उचल फिटली नाही म्हणून दुसऱ्या साली तिसऱ्या साली राबणारी माणसेही मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे दाखवायला एक चिटोराही नव्हता. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतर उचलीच्या बदल्यात कोणाला कामावर अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. उचल जरूर द्या, पण ती वहीत लिहा, हप्ता आधी ठरवा, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. माणूस सोडून गेला, तर त्याचा हिशेब आता दोन कामाच्या दिवसांत पुरा करावा लागतो. उचलीची बाकी त्या हिशेबात लिहून दाखवा, पण "आधी पैसे फेड, मग जा" म्हणू नका.

रोख पगाराची सवयही सोडा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी माणसाला रोख हवी असते हे मला कळते, पण बँकेतून गेलेला पगार तुमच्या बाजूचाही पुरावा असतो. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत तो गेलाच पाहिजे. पगाराची चिठ्ठी द्या, आणि तिच्यात कपात कशाची हे मराठीत लिहा. तुमचा तळणारा कागद नको म्हणतो, कारण आजवर त्याच्या हाती आलेल्या प्रत्येक कागदाने त्याच्याकडून काहीतरी घेतले आहे. त्याला देणारा कागद एकदा दिसू द्या.

शेवटी एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीच्या एका मिलमध्ये गाडी भरताना पोत्यांची थप्पी कोसळून एक माणूस गेला. मालक भला होता. त्याने दहाव्याला जाऊन विधवेच्या हातात मोठी रक्कम ठेवली आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. पुढे दावा उभा राहिला, तेव्हा ती रक्कम भरपाई म्हणून धरलीच गेली नाही. मृत्यूच्या भरपाईची रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागते, थेट दिलेली मोजली जात नाही, हे त्या मालकाला कोणी सांगितले नव्हते. त्याला दुसऱ्यांदा भरावे लागले. आपल्याकडे केळीच्या गाड्या खाली करायला बाहेरचे हमाल येत असतील, तर त्यांच्यासाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. जिल्ह्याच्या माथाडी मंडळाकडे चौकशी करून घ्या.

उत्तर: कामगार कायदा सल्लागार, जळगाव

दिवाणजी नानांनी सांगितलेल्या गोष्टींत मला काही बदलायचे नाही. ठेकेदाराबद्दल एकच भर घालतो: केळी सोलणे आणि तळणे हेच आपले मुख्य काम आहे, आणि मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यावर नव्या संहितेने निर्बंध घातले आहेत. ते पन्नास कंत्राटी कामगारांपासून लागू होतात, पण उद्या कारखाना वाढवायचा असेल तर आजच चुकीच्या पायावर भिंत उभारू नये.

राहिला तारखेचा प्रश्न. आजची तारीख घालू नका. ते दोन तळणारे सहा वर्षांपूर्वी ज्या दिवशी आले, तीच तारीख घाला. त्या काळचा कागद नसला तरी पहिल्या कढईचे बिल, गॅसची पहिली नोंद, गावातल्या जुन्या माणसांची आठवण यांवरून महिना तरी नक्की निघेल, आणि तळणाऱ्यालाही तो आठवत असेल. दहा माणसे झाली की ग्रॅच्युइटी लागू होते आणि अखंड सेवा मूळ दिवसापासून मोजली जाते. मूळ वेतन चौदा हजार धरले, तर चौदा हजारांना पंधराने गुणून सव्विसाने भागायचे, म्हणजे वर्षाला 8,077 रुपये, आणि सहा वर्षांचे सुमारे 48,460 रुपये होतात. आजची तारीख घातली तर त्याच्या सहीने त्याची सहा वर्षे पुसली जातील. आपण जे लिहिले आहे त्यावरून आपल्याला तसे नको आहे, हे मला दिसते. ही रक्कम आजच द्यायची नाही, पण दर वर्षी बाजूला काढत जा.

खाद्यपदार्थाचा कारखाना असल्याने सर्व कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, तिचा दाखला दप्तरी ठेवा.

प्रश्नकर्ता

आज सकाळी दोन्ही तळणाऱ्यांना चहाला बसवले आणि तारीख विचारली. एकाला लगेच आठवली. तो कानबाईच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला होता आणि त्या वर्षीची रोटांची पंगत त्याच्या घरी झाली होती. दुसरा त्याच्या आठवडाभर नंतर आला. जुन्या पंचांगावरून दोन्ही तारखा काढून मी हजेरीपटाच्या पहिल्या पानावर शाईने लिहिल्या आहेत आणि त्याखाली कॅलेंडरवरच्या तिन्ही बायकांची नावे पूर्ण आडनावांसह उतरवली आहेत. पाच जणांच्या विम्यासाठी उद्या फैजपूरला जातो आहे. नेमणूकपत्राचा मसुदा तयार झाला की इथेच टाकतो. काही चुकले असेल तर कृपया सांगावे.